पाटे वाढवण्याआधी गाडीखाली एकदा झोपा

आंब्याचा सीझन जवळ आला की आमच्याकडे पिकअपवाल्यांचं एकच चालू होतं. "पाटे वाढवलेस काय?" पाटे म्हणजे गाडी पेलणाऱ्या कमानीतल्या स्प्रिंगच्या पट्ट्या. हौद्याला नवा रंग, पुढे चार एलईडी, मागे 'आई-बाबांचा आशीर्वाद', आणि कमानीत दोन जादा पाटे. झाली गाडी तयार! खर्च सगळा वरून दिसणारा. खाली वाकून बघायचं कोणाला सुचत नाही. मलाही सुचलं नव्हतं, म्हणूनच आज लिहितोय.

मी पाच वर्षं हर्णै बंदरातून मासळी भरतो, मार्चनंतर आंबा. दोन वर्षांपूर्वी गाडी पहाटे सेल्फच घेईना. नुसती टकटक. लाईट पिवळे, हॉर्न मेलेल्या बेडकासारखा. एका दुकानदाराने बॅटरी बदलायला लावली. पंधरा दिवसांत पुन्हा तेच. मग सेल्फ उघडला, तोही ठणठणीत. शेवटी आमच्या गावचा म्हातारा फिटर म्हणाला, "दादा, आता पैसे खिशात ठेव नि माझ्याबरोबर खाली ये." बॅटरीची अर्थिंगची वायर चेसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, जिथे बोल्टने लावलेली असते, तिथे नुसता गंजाचा भुगा. बोल्ट काढला, पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत केलं, घट्ट आवळून वर ग्रीस मारलं. एका झटक्यात चालू. चहासकट पन्नास रुपये.

तुमच्याकडे मल्टिमीटर असेल तर हे घरी तपासता येतं. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्धा व्होल्टच्या वर गेलं तर बॅटरीच्या दुकानात जाऊ नका, अर्थिंग शोधा.

मासळीच्या क्रेटमधलं बर्फाचं पाणी खारट असतं. ते हौद्याच्या फटींतून थेट चेसिसवर, ब्रेकच्या पाईपांवर, कमानीच्या टोकाच्या शॅकल पिनांवर ठिबकतं. वर खारा वारा आहेच. म्हणून काही जण खालून जळलं ऑइल फासतात. ते रबराचे बुश आणि ब्रेकचे होज फुगवतं. गंजावर काळा कोट मारणारे तर त्याहून शहाणे, गंज आत झाकून ठेवतात. मी रोज ट्रिप संपली की गोड्या पाण्याने खालून धुतो. बाकी काही नाही.

आता पाट्यांचं. बऱ्याच पिकअपना मागच्या ॲक्सलवरून चेसिसवरच्या एका व्हॉल्व्हला दांडी गेलेली असते, एलएसपीव्ही म्हणतात. माल भरला की हौदा खाली बसतो, दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर मिळतं. पाटे वाढवलेत तर गाडी तेवढी बसत नाही. व्हॉल्व्हला वाटतं, गाडी रिकामी आहे. मग भरलेल्या गाडीचं बरंचसं ओझं पुढचेच ब्रेक ओढतात, आणि घाट उतरताना ते तापले की काय होतं ते ड्रायव्हरलाच विचारा. शिवाय पाटे वाढले म्हणून आरसी बुकातलं वजन वाढत नाही. ओव्हरलोडचा दंड 20,000 रुपयांपासून सुरू होतो, वर प्रत्येक जादा टनाला 2,000.

खरं तर ही अक्कल आपल्याच किनाऱ्यावर आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा खलाशी होडी वर ओढून बुडापासून खरवडतो, रंगवतो, झापाखाली ठेवतो. होडीचं बूड आधी बघायचं हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही. आणि त्याचाच भाऊ पिकअपला काचेवर स्टिकर लावून मोकळा होतो.

परवा शेजारच्या पोराने नव्या गाडीला चार पाटे घालून आणले. "काका, आता दोन टन भर बिनधास्त!" मी खाली वाकून बघितलं. एलएसपीव्हीची दांडी कोणीतरी तारेने वर बांधून ठेवली होती.