डब्यातला कॅमेरा आणि वाटेतली रेंज

जुलै २०२५ मध्ये रेल्वेने जाहीर केलं की ७४,००० डब्यांत आणि १५,००० इंजिनांत सीसीटीव्ही बसणार. डब्याला चार, म्हणजे दोन्ही टोकांच्या दारांपाशी दोन-दोन, आणि इंजिनाला सहा. आमच्या ट्रेनच्या ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस! मी एवढंच विचारलं, की हे बघणार कोण आणि कधी? तर म्हणे, तुला प्रत्येकात खोड काढायची सवयच आहे.

खोड नाही गं. लेडीज डब्यातला तो छताचा काळा घुमट रोज बघतेय. सकाळच्या फास्टला त्याला आमचे अंबाडे आणि बॅगा सोडून काय दिसत असेल देव जाणे. चित्र गाडीतल्याच रेकॉर्डरमध्ये साठत असेल, तर नंतर चोर सापडायला उपयोग होतो, नाही कशाला म्हणू? पण रात्री रिकाम्या डब्यात कोणी घुसलं, तर ते चित्र त्याच क्षणी कंट्रोल रूममध्ये दिसायला हवं.

आणि खरी गोम तिथेच आहे. धावती गाडी सतत एक टॉवर सोडून दुसरा पकडत असते. ठाण्यापुढच्या पारसिकच्या सव्वा किलोमीटरच्या बोगद्यात आपला साधा कॉल तुटतो, तिथे व्हिडिओ काय टिकणार? बोगद्यात वेगळी अँटेना-केबल टाकावी लागते. केंद्राने २०२१ मध्ये रेल्वेला ७०० मेगाहर्ट्झमध्ये ५ मेगाहर्ट्झचा रेडिओलहरींचा स्वतःचा पट्टा दिला, तो गाडीतल्या कॅमेऱ्यांसाठीही. पण त्याच पट्ट्यावर मोटरमन-गार्डचं बोलणं आणि गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या ‘कवच’ यंत्रणेचे संदेशही जाणार. डब्याला चार या हिशेबाने बारा डब्यांच्या लोकलचे झाले ४८ कॅमेरे. एकेकाला सेकंदाला दोन मेगाबिट धरले तरी शंभराच्या घरात जातं. एवढं त्यात मावतच नाही, आणि ही झाली एकच गाडी.

म्हणून माझं मत, सगळं लाइव्ह दाखवायचा हट्ट सोडा. रेकॉर्डिंग गाडीतच राहू दे. साखळी ओढली किंवा गार्डशी बोलायचं टॉकबॅकचं बटण दाबलं, की फक्त त्या डब्याचे चार कॅमेरे, आधीच्या मिनिटभरासकट, थेट जाऊ देत. हे झेपण्यासारखं आहे.

जाऊ देत, पण कुणाकडे? रेल्वेच्या १३९ हेल्पलाइनवर फोन केला तर मदतीला येणार केंद्राचं आरपीएफ, म्हणजे रेल्वे सुरक्षा दल, गुन्हा नोंदवणार राज्याचे लोहमार्ग पोलीस. चित्र दोघांनाही एकदमच दिसायला हवं, नाहीतर हद्दीच्या घोळात गाडी कल्याणला पोचायची.

प्रवासी संघटनांनी कॅमेऱ्यांचे आकडे मोजणं पुरे करावं. बटण दाबल्यापासून किती सेकंदांत चित्र दिसेल आणि पुढच्या स्टेशनवर त्या डब्यासमोर पोलीस उभा असेल का, हे लेखी मागावं.