सेकंड हाफमध्ये जरा ढेपाळतो

रविवारी सकाळी फॅमिली ग्रुपवर 'काल अमुक पिक्चर पाहिला' असा मेसेज टाकण्याचा अधिकार घटनेनं तुम्हाला दिलेलाच आहे. प्रश्न असतो पुढच्या दोन ओळींचा. त्या दोन ओळींवर तुमची जाणकार म्हणून पत ठरते, आणि नेमकं तिथेच पुष्कळ मंडळी गडबडतात. इतकी, की चित्रपट खरोखर बघायला बसतात. तसलं काही करू नका. अडीच तास जातात आणि एवढं करून मत पक्कं होईलच याची खात्री नाही. उलट कधीकधी डळमळीत होतं.

मत आधी तयार हवं. त्यासाठी टक्के बघावेत. रॉटन टोमॅटोज नावाच्या वेबसाइटवर चित्रपटापुढे जो आकडा असतो तो खरं तर मार्कांचा नव्हे. किती समीक्षकांना चित्रपट एकंदरीत बरा वाटला, त्याचं ते प्रमाण. शंभरातल्या नव्वदांनी नाक मुरडत 'चालेल' म्हटलं तरी ९० टक्के होतात. पण दहावीच्या निकालावर वाढलेल्या आपल्या घरांत हा तपशील सांगून उगाच गोंधळ कशाला? ९० म्हणजे पेढे, ५५ म्हणजे 'पुढे काय करायचं ठरवलंय?' या हिशेबानं बसा, म्हणजे पहिल्या दृश्यापासून कुठल्या चेहऱ्यानं बघायचं ते ठरलेलं राहतं.

आता, पाहायचा तरी किती? इथे कायदा तुमच्या बाजूनं आहे. २०२० च्या सुरुवातीला नेटफ्लिक्सनं जाहीर केलं होतं, की कुणी एखादी गोष्ट दोन मिनिटं पाहिली तरी ती बघायला घेतली असं आम्ही मोजणार. पुढे २०२३ पासून हिशेब बदलला. आता पाहिले गेलेले एकूण तास भागिले चित्रपटाची लांबी. म्हणजे दीड तासाचा चित्रपट पहिला अर्धा तास तुम्ही पाहिलात, मधला मेहुण्यांनी आणि शेवटचा सासूबाईंनी, की कंपनीच्या खात्यात तो एकदा पूर्ण पाहून झाला. तिघांनीही मग अख्खा पाहिल्याच्या थाटात बोलायला काय हरकत आहे? कंपनीला चालतं.

टीव्हीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण निम्मी समीक्षा तिथेच तयार होते. चित्रपट सहसा सेकंदाला २४ चित्रं या वेगानं घेतलेला असतो. नव्या टीव्हीला एवढ्यानं समाधान नसतं. दोन चित्रांच्या मधलं, कुणी न काढलेलं चित्र तो स्वतःच्या मनानं तयार करून घुसवतो. क्रिकेटचा चेंडू त्यामुळे छान सरकताना दिसतो, पण कोट्यवधी खर्चून उभा केलेला राजवाडा दुपारच्या मालिकेतल्या दिवाणखान्यासारखा दिसू लागतो. हे सेटिंग बऱ्याच टीव्हींवर आधीपासूनच चालू असतं. ते तसंच राहू द्या. विमानाला बाहेरून लटकणारा टॉम क्रूझ २०१८ मध्ये एका दिग्दर्शकाला शेजारी उभं करून 'हे बंद करा हो' असं व्हिडिओतून विनवत होता. त्याच्याकडे वेळ असेल. आपण शांतपणे म्हणावं, 'बजेट कमी पडलेलं दिसतंय. सिरियलसारखं वाटतं.' चित्राच्या वरखाली काळ्या पट्ट्या दिसल्या तर मात्र लगेच झूमचं बटण दाबा. टीव्हीचे पैसे पूर्ण पडद्याचे मोजलेत. कडेला उभ्या असलेल्या माणसाचा अर्धा चेहरा त्यात गेला तर कॅमेरामनला फ्रेम लावता येत नाही, असं नोंदवून ठेवा.

ट्यूबलाइट चालूच ठेवायची. अंधारात बघितल्यानं डोळे बिघडतात हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सिद्ध झालेलं आहे. त्यातून 'तुंबाड'सारखा चित्रपट लावलात तर दुधात साखर. राही बर्वे आणि मंडळींनी अनेक पावसाळे थांबून, खरं ढगाळ आभाळ धरून तो काढला. वाड्याच्या आत बराचसा उजेड कंदील-मशालींचा. तुमच्या पडद्यावर त्यातलं एवढंच दिसेल: ट्यूबलाइट, पंखा, आणि सोफ्यावर बसलेले तुम्ही. हे तिन्ही व्यवस्थित दिसल्यावर 'फार काळोखा केलाय, काही कळतच नाही' हे वाक्य मनापासून येतं, पाठ करावं लागत नाही. २०१८ चा तो चित्रपट २०२४ मध्ये पुन्हा थिएटरात लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. लोकांना पैसे देऊन अंधारात बसायची हौस असते, त्याला आपण काय करणार.

आवाजाचंही तसंच. थिएटरसाठी मिसळलेला आवाज सहा-सहा वाटांनी येतो आणि संवादांसाठी मधली वाट राखलेली असते. तुमच्या चपट्या टीव्हीत ते सगळं दोन बारक्या स्पीकरांत कोंबलं जातं, आणि त्यांचं तोंड बऱ्याचदा भिंतीकडे नाहीतर जमिनीकडे. मग संवाद पुटपुटल्यासारखे आणि पार्श्वसंगीत शेजारच्यांना उठवणारं. अशा वेळी सेटिंग धुंडाळत बसायचं नाही, पिढीवर घसरायचं. 'हल्लीच्या पोरांना वाणीच नाही. डॉक्टर लागूंचा आवाज शिवाजी मंदिरच्या बाल्कनीत शेवटच्या रांगेपर्यंत जायचा.' जायचाच. ते टीव्हीच्या पाठीमागून बोलत नसत.

एवढी पूर्वतयारी झाली की चित्रपट सुरू करावा. श्रेयनामावली 'स्किप' करून टाका, ती त्यांच्या नातेवाइकांसाठी असते. आणि लक्ष सगळं एकाच गोष्टीवर ठेवा: हा नट आपण आधी कुठे पाहिलाय?

'हा कोण गं?'

'कुठला?'

'निळ्या शर्टातला. कुठेतरी पाहिलाय याला.'

'त्या मालिकेत दिराचं काम करायचा तो.'

'छे, तो जाडा होता.'

'बारीक झाला असेल. आता सगळे बारीक होतात.'

स्वयंपाकघरातून आई, पडद्याकडे न बघता: 'तो विम्याच्या जाहिरातीतला आहे. सोसायटीत चकरा मारतो बघ.'

इथे तीन मोबाइल निघतात. मुलगा नटांची यादी काढतो, बाबा चश्मा कपाळावर सरकवून फोटो मोठा करून बघतात, ताई त्या नटाचं लग्न कुणाशी झालंय इथपर्यंत पोचते. ते लग्न टिकलं नाही, हेही कळतं. सगळे माना वर करतात तोवर निळा शर्ट पायऱ्यांवर पालथा पडलेला असतो.

'अय्या, हा कधी मेला?'

'मारला कुणी?'

'मागे घे. दहा सेकंद मागे घे. एवढं नाही रे, हे तर आपण पाहिलं.'

'राहू दे, पुढे सांगतील.'

पुढे सांगत नाहीत, कारण सांगून झालेलं असतं. तेव्हा नोंद करा: पात्रांची ओळख नीट करून दिलेली नाही, खुनाचं कारण पटत नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं करणारे पी. के. नायर म्हणे अंधारात बसून वहीत टिपणं काढायचे. बिचाऱ्यांपाशी मोबाइल नव्हता, पडद्याकडेच बघावं लागायचं.

थांबवण्याची सोय ही घरच्या प्रेक्षकाला मिळालेली खरी सत्ता. थिएटरात मध्यंतर दिग्दर्शक ठरवतो. घरात ते कुकर ठरवतो, कुरिअरवाला ठरवतो, 'उद्या डब्याला काय' हा प्रश्न ठरवतो. शुक्रवारी चाळीस मिनिटं, शनिवारी पाहुणे आले म्हणून वीस, उरलेला मंगळवारी जेवताना, असं हप्त्याहप्त्यानं संपवलं की 'पटकथा विस्कळीत आहे' हे अनुभवातून उतरलेलं मत तयार होतं. दूरदर्शनच्या काळात रविवारच्या हिंदी आणि शनिवारच्या मराठी चित्रपटाला अख्खी चाळ एका टीव्हीपुढे जमायची, पण बोलून बोलून शेरेच मारायची. बातम्या आल्या तरच चित्रपट थांबायचा. कुणाच्या आमटीसाठी थांबलेला ऐकिवात नाही.

ज्यांना थांबायला वेळ नाही त्यांच्यासाठी दीडपट वेगाची सोय आहे. चैतन्य ताम्हाणेचा 'द डिसायपल' यासाठी खास. शास्त्रीय गायक होऊ पाहणाऱ्या तरुणाची ती गोष्ट. २०२० मध्ये व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक मिळालं, मग नेटफ्लिक्सवर आला. त्यात नायक रात्रीच्या मुंबईतून मोटरसायकलवर जातो ते स्लो मोशनमध्ये, कानात त्याच्या गुरूंच्या गुरू माईंचं बोलणं, मागे तानपुरा. दीडपट केलंत की गाडी जरा तरी रस्त्याला लागते आणि विलंबिताचा मध्यलय होतो. आयुष्यभर एका रागाचा पाठलाग करूनही तो हाती न लागण्याची कथा तुम्ही दीड तासाच्या आत उरकता. नायकाला जे साधलं नाही ते तुम्हाला साधलं. मला विचाराल तर, त्या चित्रपटावर याहून निर्दय समीक्षा कुणी लिहिलेली नाही.

याच ताम्हाणेचा त्याआधीचा 'कोर्ट' सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार घेऊन बसलाय, त्यामुळे त्याच्याविषयी मत असणं गरजेचं. त्यात कॅमेरा लांब, एका जागी उभा. माणसं बोलून निघून गेली तरी तो हलत नाही. लोकशाहीर आरोपीच्या पिंजऱ्यात आणि तारखांवर तारखा. शेवटाकडे न्यायालय उन्हाळ्याच्या सुटीसाठी बंद होतं, खोलीतले दिवे मालवतात, पडदा काळा होतो आणि काळाच राहतो. ही तुमची वेळ. रिमोट उचला, बंद करा, 'याला शेवटच नाही' असं जाहीर करा आणि ब्रश करायला जा. त्या काळोखानंतर चित्रपट पुन्हा सुरू होतो. न्यायाधीश घरच्यांबरोबर सहलीला जातात, बाकावर डुलकी काढतात, पोरं ओरडून झोपमोड करतात, ते एकाच्या कानाखाली वाजवतात आणि पुन्हा डोळे मिटतात. ताम्हाणेला जे म्हणायचं होतं ते बरंचसं इथे आहे, पण त्याला तुमची झोपायची वेळ कुणी सांगितली नसावी.

'सैराट'च्या बाबतीत उलटं झालं. २०१६ मध्ये थिएटरात शेवटच्या दृश्यात आवाज नाहीसा झाल्यावर माणसं श्वास धरून बसली. ते लहान मूल चालत राहतं आणि कसलाही आवाज नाही. घरी तेच दृश्य आलं की आधी रिमोटचे सेल फिरवायचे, मग आवाज ४० वर न्यायचा, मग सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर एक थापटी. एवढ्यात जाहिरात लागते आणि चाळीसच्या आवाजात डिटर्जंटची बाई किंचाळते. म्हणजे स्पीकर ठीक आहे. 'शेवटी आवाजाचा काहीतरी प्रॉब्लेम होता, पण गाणी मस्त.'

झोपेबद्दल अवघडून जायचं कारण नाही. जेवण झालेलं, पंखा चालू, पाय टीपॉयवर. झोप कुणाला येत नाही? फक्त ती दिग्दर्शकाच्या नावावर टाकायची. पहिल्या तासात डोळा लागला तर 'सुरुवात रेंगाळते'. दुसऱ्या तासात लागला तर 'सेकंड हाफमध्ये जरा ढेपाळतो'. मधे लागून शेवटी उघडला तर 'क्लायमॅक्स घाईत गुंडाळलाय'. बायकोनं कोपर मारून उठवलं असेल तर 'शेवट धक्कादायक'. यातलं एकही वाक्य खोटं नाही. फक्त कर्ता बदललेला आहे.

आता तो मेसेज. 'ठीक. एकदा बघायला हरकत नाही. काम सगळ्यांनी चांगलं केलंय. स्टोरी अजून चांगली करता आली असती.' बस. हे चार तुकडे १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'पासून परवाच्या चित्रपटापर्यंत कशालाही लागतात. 'एकदा बघायला हरकत नाही' यात तर तुमचं औदार्यही दिसतं. दोन-तीन वर्षं कुणीतरी त्यावर घालवलेली असतात, तुम्ही हरकत घेत नाही. गोष्ट पुस्तकावर बेतलेली असेल तर 'पुस्तकाची सर नाही' हे जोडा. पुस्तक वाचलेलं असलंच पाहिजे असं नाही. ज्यांनी वाचलंय ते अशा ग्रुपवर सहसा नसतात.

धोका एकच, आणि तो पुण्याच्या आत्याकडून येतो. त्या वेळ असलेल्या, डोळस आणि निवृत्त असतात. त्या विचारतात, 'अरे, पण मग त्या दुसऱ्या पत्राचं काय झालं रे? मला ते कळलं नाही.' तुम्हाला पहिलंही पत्र आठवत नसतं. घाबरू नका. हात जोडलेला इमोजी टाका आणि लिहा, 'आत्या, इथे नको. बाकीच्यांनी पाहिला नाहीये, स्पॉयलर होईल.' ग्रुपवरचे सोळाच्या सोळा जण आत्याला गप्प करतात, तिघे तुमचे आभार मानतात, आणि मेहुणे विचारतात, 'पुढच्या शनिवारी काय बघावं, तुम्हीच सांगा.'