आधी सिल्व्हर पेंट मारा

समजा, बेळगावातल्या एखाद्या जुन्या दवाखान्याचा कारभार तुमच्या हाती आला. कुठल्या ते विचारू नका. दर महिन्याला बीपीच्या गोळ्या आणायला मला तिथेच जावं लागतं. पहिल्याच फेरीत व्हरांड्याच्या टोकाला तुम्हाला एक काचेचं कपाट दिसेल. आत लोखंडी चौकटी, काचेच्या सिरिंजा, एक करवत, एक झिजका पेटारा. "मिलिटरीचं जुनं सामान हाय सायेब," शिपाईमामा सांगतील. घाबरू नका. हे सामान कंडम करायचं तर फाईल हलवावी लागते, ऑडिटवाले शंका काढतात. ठेवून विसरायला मात्र कुणाची सही लागत नाही.

आधी सिल्व्हर पेंट. वरचे साहेब तपासणीला येणार म्हटलं की रंगारी येतोच. पलंगाचे पाय, सलाईनचे स्टँड आणि कपाटातलं सगळं एकाच डब्यात उरकतं. ब्रिटिश सैन्याच्या सामानावर रुंद बाणाची खूण ठोकलेली असायची आणि हिंदुस्थानी खात्याच्या मालावर बाणाखाली इंग्रजी 'आय'. कधी शेजारी सालही असे. वस्तू कुणाची, कधीची, हे सांगणारा बहुतेक वेळा तेवढाच पुरावा. पेंटचे दोन हात बसले की बाण बुजतो, साल बुजतं आणि साहेब म्हणतात, वा, मेंटेनन्स चांगला आहे हो.

करवतीची लाकडी मूठ तेवढी रंगाऱ्याच्या तावडीतून सुटते. तिथे व्हार्निश मारा, नाहीतर एखादा चौकस प्राणी मुठीवरून काळ ओळखायचा. १८६७ मध्ये ब्रिटिश सर्जन लिस्टरने जंतुनाशक शस्त्रक्रियेवर लेख छापले, पुढे हत्यारं उकळून घ्यायची पद्धत पडली आणि उकळून लाकूड टिकत नाही म्हणून मुठीही धातूच्या झाल्या. तेव्हा लाकडी मुठीची करवत बहुधा उकळत्या पाण्याच्या आधीची. ती कुणाच्या पायावर चालली असेल, असा विचार गोळ्यांच्या रांगेतल्या माणसाच्या मनात आणून त्याचं बीपी कशाला वाढवता?

मग चिठ्ठ्या. पाटी म्हटली की बेळगावकराचे कान टवकारतात, याचा पुरेपूर फायदा घ्या. २०२४ पासून नावफलकावर साठ टक्के कन्नड हवं; तोच हिशेब कपाटालाही लावा आणि उरलेल्या चाळिसात मराठी किती, इंग्रजी किती, यावर बैठक बोलवा. चहा होईल, आवाज चढतील, कुणीतरी सीमाप्रश्नावर येईल. कपाटात आहे काय, हा विषय शेवटपर्यंत निघणार नाही. अखेर तिन्ही भाषांत 'जुनी उपकरणे' एवढं लिहून मोकळे व्हा. एकमत म्हणतात ते हेच.

बाकीचं काम लोक करतात. कपाटात तारेची एक जाळीदार वाटी आहे, क्लोरोफॉर्म द्यायचा मुखवटा. जाळीवर कापड ताणायचं, नाकातोंडावर धरायचं आणि वरून थेंब थेंब सोडायचे. माझ्यापुढे उभ्या मावशींनी ती चहाची गाळणी ठरवली. मला ते पटलंही, कारण शेजारीच मामांचा थर्मास होता.

सगळ्यात अडचणीची वस्तू म्हणजे थॉमस स्प्लिंट. वर चामडं गुंडाळलेलं लोखंडी कडं, त्यातून खाली गेलेल्या दोन सळया. कडं जांघेपर्यंत चढवायचं आणि पाय ओढून धरून खालच्या टोकाला बांधायचा. मांडीचं हाड मोडलं की स्नायू आखडतात, हाडाची टोकं एकमेकांवर चढून मांस फाडतात आणि आतल्या आत रक्त जात राहतं. पाय ताणून धरला की हे बरंचसं थांबतं. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला गोळीने मांडी फुटलेला शिपाई बहुधा गेलाच म्हणायचा. १९१७ साली फ्रान्समधल्या आरासच्या लढाईत अशा हजारावर जखमींना ही चौकट बांधली, तेव्हा दगावले १५.६ टक्के. आता हे लिहून लावलंत तर माणसं थांबून वाचणार, रांग तुंबणार. त्यापेक्षा सळ्यांवर फरशी पुसायचं फडकं वाळत घाला. मी पाहिलंय, छान वाळतं.

पेटाऱ्याचं तर नावच काढू नका. पट्ट्या आणि औषधं खेचरावर लादून न्यायची ती पेटी. हे सामान पुरलं नाही की काय होतं, ते त्याच युद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, दिसलं. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनच्या लढाईनंतर जखमींना नदीतून बोटींवर कोंबून बसऱ्याला आणलं. मेजर कार्टर या लष्करी डॉक्टराला धक्क्याकडे येणाऱ्या बोटीच्या बाजूने दोर लोंबताना दिसले. बोट जवळ आली तेव्हा कळलं, ती उठता न येणाऱ्या जखमींची विष्ठा होती. त्याने ते लिहून दिलं, तर वरिष्ठांनी त्यालाच अटकेची धमकी दिली. (एवढा भाग कार्यालयीन पद्धत म्हणून टिपून ठेवा.) १९१७ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला आणि लंडनमध्ये भारतमंत्री चेंबरलेन यांना खुर्ची सोडावी लागली.

टेसिफॉनच्या त्या लढाईत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. पुढे तिथल्याच कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यातही त्याच, २९ एप्रिल १९१६ ला शरण जाईपर्यंत. आता मराठा सेंटर, म्हणजे मराठा पलटणींचं मुख्य ठाणं, आपल्याच गावात. पेटाऱ्याखाली हे दोन ओळींत लिहिलंत तरी खानापूर, निपाणी, चंदगडची माणसं येऊन विचारतील, आमचा कोण होता का हो त्या बोटीवर? याला ओपीडीत उत्तर नाही.

राहिली किल्ली. ती मामांकडे असते आणि मामा रजेवर असतात. तरीही एखाद दिवशी खानापूरकडचे एक रिटायर सुभेदार येतील, काचेला नाक लावून पेटाऱ्याकडे बघत राहतील आणि "जरा उघडता काय ओ?" म्हणून विचारतील. त्यांना खुर्ची द्या, पाणी द्या आणि सोमवारी या म्हणून सांगा. सुभेदारच ते, सोमवारी दहाच्या ठोक्याला येणारच. तेव्हा सोमवारची मामांची रजा आजच मंजूर करून ठेवा.