पूर चढतो, पायऱ्याही चढतात

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एकाच विषयावर खल चाललाय. पार्किंगमधून लिफ्टकडे जाताना चार पायऱ्या आहेत, त्यांच्या शेजारी रॅम्प करायचा की नाही. 'आपल्यात व्हीलचेअरवालं आहे कोण?' हा पहिला आक्षेप. 'दोन स्कूटरची जागा जाते' हा दुसरा. मी टोरोंटोहून रॅम्पच्या बाजूने लिहिल्यावर तिसरा आला, 'तुमचं कॅनडा वेगळं हो, ताई.' या तिसऱ्याचं आधी बघू.

मी राहते तो ओंटारियो प्रांत. इथे २००५ साली कायदा झाला आणि त्यात तारीखही घातली होती: १ जानेवारी २०२५पर्यंत सगळा प्रांत सगळ्यांना वापरता येईल असा करायचा. तारीख उलटून गेली, काम राहिलंय. टोरोंटोच्या मेट्रोची सगळी स्टेशनं अजून पायऱ्यांच्या कटकटीतून सुटलेली नाहीत. हिवाळ्यात तर बघायलाच नको. बर्फ काढणारी गाडी रस्ता साफ करते आणि ढीग लोटते नेमका कोपऱ्यावर, जिथे फुटपाथला उतार दिलेला असतो तिथे. मग व्हीलचेअरवाला माणूस गाड्यांच्या बरोबरीने रस्त्यावरून जातो. तेव्हा 'तिकडे सगळं छान' हे कुणी सांगू नये, मीही सांगणार नाही.

फरक आहे तो दुसरीकडे. इथे लिफ्ट बंद पडली की दारावर कागद लागतो: का बंद आहे, कधीपर्यंत, तोवर दुसरी सोय कुठे. हे कुणाच्या चांगुलपणावर सोडलेलं नाही, नियमच आहे. वीस किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला हे नियम पाळल्याचा अहवाल दर तीन वर्षांनी सरकारला द्यावा लागतो. कागदी घोडे म्हणा हवं तर. पण त्यामुळे इमारतीत या कामाला एक नाव असतं, आणि लिफ्ट बंद राहिली तर लोक त्या नावाला जाऊन विचारतात.

आपल्याकडे रॅम्प बांधला की विषय संपतो. गेल्या सुट्टीत आईला घेऊन सांगलीतल्याच एका बँकेत गेले होते. रॅम्प होता, कठडाही होता. वर पोचलो तर लोखंडी जाळीचं सरकतं दार, साखळीने बांधून एक माणूस आडवा होऊन जाईल एवढंच उघडं ठेवलेलं. वॉकर आत जाईना. वॉचमनला म्हटलं साखळी सोडा, तर तो म्हणाला किल्ली साहेबांकडे आणि साहेब जेवायला गेलेत. नकाशात हा रॅम्प बिनचूक असणार. किल्ली कुणाकडे राहील हे मात्र नकाशात कसं दिसणार?

कायदा नाही असंही नाही. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो की नियमांत न बसणाऱ्या इमारतीला बांधकामाची परवानगीही द्यायची नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही नाही. जुन्या सार्वजनिक इमारतींना पाच वर्षांची मुदत होती, नियम जून २०१७मध्ये आले, म्हणजे तीही २०२२लाच संपली. नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सुनावलं की हे निकष नुसत्या शिफारशी ठेवून चालणार नाही, बंधनकारक करा. तारखा चुकवण्यात तरी आपण आणि ओंटारियो एका रांगेत आहोत.

आता सांगलीचं खास दुखणं. ते ना दिल्लीच्या पुस्तकात सापडतं ना टोरोंटोच्या.

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. २०१९मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. त्याआधी २००५, नंतर २०२१. पुराचा विषय निघाला की चर्चा कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाला जाऊन पोचते आणि तिथेच मुक्काम करते. त्यात मी पडत नाही. पण प्रत्येक पुरानंतर पेठेत जो दुकान नव्याने बांधतो तो जोतं आणखी वर घेतो. त्याला दोष कसा द्यायचा? ज्याच्या कापडाचे गठ्ठे नाहीतर हळदीची पोती पाण्यात गेली, तो दोन पायऱ्या जास्तच बांधणार. मात्र पाण्यासाठी केलेली ही उंची सगळ्यात आधी अडवते ती गुडघे दुखणाऱ्या गिऱ्हाइकाला.

एकास बारा हा रॅम्पचा सर्वमान्य उतार. चार फूट जोत्याला अठ्ठेचाळीस फूट लांबी, शिवाय मध्ये थांबायला सपाट जागा. मारुती रोडवरच्या दहा-बारा फुटी गाळ्यापुढे हे बसवायचं कुठे? म्हणून मग सिमेंटची घसरगुंडी होते, जिच्यावरून रात्री मोटरसायकल आत घेता येते. त्यावर व्हीलचेअर घातली तर माणूस मागच्या मागे उलटेल. टोरोंटोच्या जुन्या बाजारात दुकानांपुढे एखादीच पायरी असते, तिथे रंगीत प्लायवुडचे सुटे रॅम्प ठेवून भागतं. चार फुटांना त्याचा काय उपयोग?

माझ्या मते हे एकट्या दुकानदाराला सुटणारं गणितच नाही. ते रांगेने सोडवायचं. ओळीतल्या दहा गाळ्यांची जोती एका उंचीला आणायची, पुढे सलग कट्टा काढायचा आणि त्याच्या टोकाला रस्त्याला समांतर असा एकच नीट रॅम्प. अशी आखणी महापालिकेनेच करावी, कारण जागा रस्त्याची आहे. जिथे ते जमत नाही तिथे उलट करावं: दुकानाची जमीन रस्त्याच्या पातळीजवळच ठेवायची, फरशी धुता येईल अशी, विजेचे बोर्ड उंच आणि माल पोटमाळ्यावर.

पूर आला की वरच्या मजल्यांचाही प्रश्न येतोच. वीज तोडतात, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी भरतं. होडी दारात आली तरी तिसऱ्या मजल्यावरच्या अंथरुणाला खिळलेल्या आजींना खाली कोण आणणार? आमच्या टोरोंटोच्या इमारतीत आगीचा भोंगा वाजला की लिफ्ट थांबते, म्हणून ज्यांना जिना उतरता येत नाही त्यांची यादी तळमजल्यावर ठेवलेली असते आणि बंबवाले ती आधी मागतात. पुराचं पाणी शिरणाऱ्या शामरावनगरातल्या प्रत्येक सोसायटीने जूनच्या आधी अशी यादी केली तर खर्च एका कागदाचा.

राहिला आमच्या चार पायऱ्यांचा वाद. 'आहे कोण' विचारणाऱ्यांनी मिरजेहून गुडघे बदलून आलेल्यांची मोजदाद आपल्याच ग्रुपवर करावी. निम्म्या फ्लॅटमध्ये आई-वडील एकटे आहेत आणि मुलं पुण्याला, बंगळूरला नाहीतर माझ्यासारखी लांब. चार पायऱ्या म्हणजे साधारण दोन फूट, चोवीस फुटांचा रॅम्प भिंतीलगत वळण घेऊन बसतो. दोन्ही बाजूंना कठडा हवा, फरशी खरखरीत हवी, आणि त्यावर लावलेल्या स्कूटर कोण हलवणार ते ठरावात नावानिशी लिहा. दोन गाड्यांची जागा जाईल, ते खरंच आहे. सेक्रेटरीकाका विचारताहेत पैसे कुठून आणायचे. दुरुस्ती निधी आहे ना. लिफ्टसमोर ते चकचकीत, पावसाळ्यात घसरणारं ग्रॅनाइट बसवलं तेव्हा हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.