‘चावी फक्त सरकारकडेच राहील’: राहते का?

“प्रत्येक मेसेजिंग अ‍ॅपला सरकारसाठी एक चावी राखून ठेवायला लावा. न्यायालयाचा आदेश असेल तरच ती वापरायची. एवढे हुशार तंत्रज्ञ आहेत, त्यांना सुरक्षित चावी बनवता येणार नाही? गुन्हेगार सापडतील, आणि ज्याने काही केलेलंच नाही त्याने कशाला घाबरायचं?” एन्क्रिप्शनचा, म्हणजे चावीशिवाय वाचता येऊ नये असा संदेश कूटबद्ध करण्याचा, विषय निघाला की हा मजकूर हमखास पुढे ढकलला जातो. ऐकायला सरळ आहे, म्हणूनच पसरतो. एकेक वाक्य सुटं करून बघू.

‘न्यायालयाचा आदेश असेल तरच.’ हा नियम माणसांसाठी झाला. सॉफ्टवेअरला आदेशाचा कागद वाचता येत नाही. ज्याच्या हाती चावी, त्याला दार उघडतं. ग्रीसमध्ये २००४-०५ साली हेच घडलं. तिथल्या व्होडाफोनच्या एरिक्सन बनावटीच्या एक्स्चेंजमध्ये कायदेशीर टॅपिंगची सोय होती. घुसखोरांनी तीच गुपचूप चालू केली आणि शंभराहून अधिक फोन कित्येक महिने ऐकले. त्यात खुद्द पंतप्रधान कोस्तास कारामानलिस यांचाही फोन होता. गंमत म्हणजे (गंमत कसली!) ही सोय रीतसर चालवण्याचं आणि तिची नोंद ठेवण्याचं सॉफ्टवेअर कंपनीने घेतलेलंच नव्हतं. दार आयतं होतं, पहारेकरी नव्हता.

‘तज्ज्ञांना जमेल.’ प्रयत्न झालाय. १९९३ मध्ये अमेरिकी सरकारने फोनवरचं संभाषण कूटबद्ध करणारी क्लिपर चिप आणली. आखणी एनएसए या अमेरिकी गुप्तचर संस्थेची, आणि प्रत्येक चावीचे दोन तुकडे करून ते दोन सरकारी खात्यांकडे ठेवायचे, इतकी काळजी. पुढच्याच वर्षी मॅट ब्लेझ या संशोधकाने दाखवलं की सरकारला चावीपर्यंत नेणाऱ्या माहितीची पडताळणी अवघ्या १६ बिटांवर उभी आहे, म्हणजे ६५,५३६ शक्यता. तेवढ्या चाळल्या की बनावट माहिती खपून जाते. संभाषण कूटबद्ध राहतं आणि सरकारच्या हाती काहीच लागत नाही. ज्याला पकडायचं तोच निसटणार!

त्याहून बोलकी गोष्ट ज्युनिपरची. डिसेंबर २०१५ मध्ये या कंपनीला आपल्या फायरवॉलच्या सॉफ्टवेअरमध्ये परका कोड सापडला. त्या सॉफ्टवेअरमध्ये ड्युअल ईसी ही यादृच्छिक संख्या (ज्यांवरून चाव्या बनतात) बनवणारी पद्धत आधीच वापरलेली होती, आणि तिच्यात एनएसएची चोरवाट असावी असा संशय २००७ पासूनच होता. व्हीपीएनवरची, म्हणजे इंटरनेटवरच्या कूटबद्ध खासगी जोडणीतली, माहिती वाचायला घुसखोरांना नवं दार फोडावं लागलं नाही. त्यांनी त्या पद्धतीतला एक स्थिरांक तेवढा बदलला. दार तेच, कुलूप त्यांचं.

‘गुन्हेगार सापडतील.’ तपास अधिकाऱ्यांची अडचण खरी आहे, ती मी उडवून लावत नाही. पण पीजीपी हे संदेश कूटबद्ध करणारं सॉफ्टवेअर १९९१ पासून लोकांच्या हातात आहे. चावीवालं अ‍ॅप सोडून बिनचावीचं घ्यायला गुन्हेगाराला कितीसा वेळ लागणार? उलट २०२० मध्ये फ्रेंच आणि डच पोलिसांनी गुन्हेगारांचं लाडकं, कूटबद्ध संदेशांचं एन्क्रोचॅट हे जाळं फोडलं, ते त्याच जाळ्यात शिरून. बाकीच्यांच्या फोनला भोक पाडावं लागलं नाही.

राहिलं ‘कशाला घाबरायचं?’ २०२४ मध्ये सॉल्ट टायफून नावाने ओळखली जाणारी, चीनशी जोडली गेलेली हॅकरांची टोळी अमेरिकी टेलिकॉम कंपन्यांत घुसल्याचं उघड झालं. न्यायालयीन आदेशाने टॅपिंग करण्याच्या यंत्रणांनाही तिने हात घातला होता. त्याच डिसेंबरात तिथल्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने वरिष्ठ अधिकारी आणि राजकारण्यांना सल्ला दिला: एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच संदेश वाचता येत नाही असं) असलेलं अ‍ॅपच वापरा. त्यांनी काय केलं होतं?