नारळ उभा राहिला म्हणून बोअरला पाणी लागत नाही

उन्हाळ्याची चाहूल लागली की गावोगाव बोअरच्या गाड्या फिरायला लागतात आणि त्यांच्या आधी एक मेसेज फिरतो. यंदा तो मला भावकीच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर आणि दोन पाहुण्यांकडून असा चार वेळा आला. त्यातलं म्हणणं असं: पायाळू माणसाच्या तळहातावर नारळ उभा राहिला की तिथं शंभर टक्के पाणी. कारण सह्याद्रीतून निघालेले झरे गुप्त सरस्वतीसारखे जमिनीखालून वाहतात आणि ते नारळाला कळतात. वराहमिहिरानं हे दीड हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय. यंत्रानं पाणी शोधणाऱ्यांचेही पॉइंट चुकतात. आणि पाणी लागलं नाही तर बोअर सोडायची नाही, हजार फुटांपर्यंत जायचं, खोल जाल तसं पाणी वाढतच जातं. शेवटी ‘प्रत्येक शेतकऱ्यापर्यंत पोचवा’.

पोचवू नका, एवढीच माझी विनंती आहे. कोल्हापूर जिल्ह्यात कागल तालुक्यातल्या आमच्या माळाला ४८० फुटांची कोरडी बोअर आहे, आणि ती याच समजुतींवर मारलेली आहे.

नारळ उठला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. पाण्याची जागा दाखवणारा पाणाड्या अनवाणी होता. तळहातावर शेंडीचा नारळ आडवा धरून तो बांधाबांधानं चालला आणि एका जागी नारळ ताडकन उभा राहिला. ‘दीडशे फुटावर दोन इंच पाणी हाय बघा, अण्णा,’ तो म्हणाला. अण्णांनी तिथं हळद-कुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी गाडी आली. वीस फूट मुरूम, मग केसिंग, मग काळा पाषाण. दीडशेला राखाडी पूड उडत होती, अडीचशेलाही तीच. तीनशेच्या पुढं लाल पूड आली तेव्हा सगळ्यांचे चेहरे उजळले. पण तो गेरूचा थर होता, दोन लाव्ह्यांच्या मधली भाजलेली माती. ती ओल धरते, पण पाणी सोडत नाही. गाडीवाल्यानं ‘अजून पन्नास घालूया?’ असं पुन्हा पुन्हा विचारलं आणि अण्णा प्रत्येक वेळी हो म्हणाले.

मग नारळ का उठला? तळहातावर तोललेल्या गोल वस्तूला बोटांचा नकळत बसलेला हिसकाही पुरतो. पाणाड्या लबाड असतो असं मी म्हणत नाही. जिथं त्याच्या मनाला पाणी वाटतं, तिथं हात त्याच्याही नकळत हलतो. जर्मनीत कासेल इथं १९९० मध्ये तीस पाणाड्यांची परीक्षा घेतली होती. जमिनीत अर्धा मीटर खाली प्लास्टिकची पाइप पुरली, तिच्यातून पाणी कधी सोडलं, कधी बंद ठेवलं आणि त्यांना ओळखायला सांगितलं. नाणं उडवून जेवढं बरोबर येईल, त्यापेक्षा निकाल चांगला आला नाही. एवढ्या लांब जायचं नसेल तर गावातच करून बघा. दोन पाणाड्यांना वेगवेगळ्या दिवशी एकाच रानात फिरवा, पहिल्याच्या खुणा दुसऱ्याला दिसू देऊ नका, आणि दोघांच्या जागा जुळतात का बघा.

‘पण आमच्याकडं त्यानं दाखवलेल्या दहातल्या सात बोअरींना पाणी लागलं’ असं सांगणारे भेटतात, आणि ते खरंच सांगतात. पंचगंगेच्या, दूधगंगेच्या काठच्या रानात नारळाशिवाय दहा बोअर मारल्या तरी बऱ्याच जागी थोडंफार पाणी लागेल. पाणाड्याचा कस माळावर लागतो. माळावरच्या कोरड्या बोअरी कुणी मेसेजमध्ये घालत नाही.

झऱ्यांबद्दल जरा सविस्तर सांगायला पाहिजे, कारण सगळा घोळ तिथंच आहे. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीला भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी आणि गुप्त सरस्वती मिळतात, ही आपली श्रद्धा आहे आणि मीही तिथं हात जोडतो. पण जिल्ह्याचा बराचसा भाग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर बसलाय. एकावर एक रचलेल्या भाकऱ्यांसारखे हे थर आहेत. प्रत्येक थराचा वरचा भाग सच्छिद्र, झिजलेला. त्यालाच विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. खाली घट्ट काळा पाषाण. पाणी राहतं ते मुरमात, मांजऱ्यात, पाषाणाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. शंभर घनफूट झिजलेल्या खडकातून मिळून मिळून दोन-तीन घनफूट पाणी निघतं. या खडकात जमिनीखालून वाहणारी नदी नसते. घाटमाथ्यावरच्या गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पूर्वेच्या शिरोळकडं पाचशे-सहाशे. गगनबावड्याचं पाणी शिरोळला येतं, पण नदीतून येतं, कातळाखालून नव्हे. तुमच्या विहिरीत येतं ते तुमच्याच ओढ्याच्या पाणलोटात पडलेलं आणि मुरलेलं पाणी. म्हणून तर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला पावसाळ्यानंतर बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की काठच्या विहिरींची पातळी टिकते.

वराहमिहिराचं नाव घेणाऱ्यांनी ‘दकार्गल’ हा बृहत्संहितेतला अध्याय एकदा उघडून बघावा. त्यात झाडं, वारुळं, माती आणि दगड यांच्या खुणा आहेत. जांभळाच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल तर दक्षिणेला दोन पुरुष (हात वर केलेल्या माणसाच्या उंचीचं माप) खोलीवर गोड पाणी, अशा धाटणीच्या. यातलं सगळं आपल्या कातळाला लागू पडेल असं नाही, पण तो माणूस जमीन बघत होता. आपल्याकडचे जुने जाणते पाणाडेही उंबर, ओढ्याचं वळण आणि उन्हाळ्यातलं हिरवं गवत बघूनच जागा सांगायचे. त्या नजरेला माझा नमस्कार आहे.

आता खोलीचं. या मुद्द्यावर सगळ्यात जास्त पैसा बुडतो. काळ्या पाषाणात खोल जाल तशा भेगा वरच्या भारानं मिटत जातात. बहुतेक पाणी वरच्या दोनशे-तीनशे फुटांत लागतं. त्याखाली लागलं तर नशीब. गाडीवाल्याचे पैसे मात्र फुटावर असतात. कोरड्या पुडीवर ‘अजून पन्नास’ला हो म्हणायच्या आधी दोन मिनिटं मशीन थांबवा आणि आत किती रॉड गेले ते स्वतः मोजा. शिवाय महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मध्ये ६० मीटर, म्हणजे जवळपास दोनशे फूट आणि त्यापुढच्या विहिरीला ‘खोल विहीर’ म्हटलंय, आणि शेतीसाठी तिच्यावर बंधन आणायची तरतूद आहे. हजार फुटांचा सल्ला देणाऱ्या मेसेजमध्ये याचा शब्द नाही.

‘दोन इंच पाणी’ हेही नीट समजून घ्या. हा इंच पाइपचा नसतो, व्ही आकाराच्या खाचेतून पडणाऱ्या पाण्याच्या उंचीचा असतो. काटकोनी खाचेवर एक इंच म्हणजे तासाला साधारण पाचशे लिटर, आणि दोन इंच म्हणजे जवळपास २९०० लिटर. दुप्पट नाही, साडेपाच पटीच्या वर. अंदाजानं सांगितलेल्या इंचावर मोटार विकत घेऊ नका.

यंत्रवाल्यांचेही पॉइंट चुकतात, हे मेसेजमधलं वाक्य मात्र बरोबर आहे. चार सळया रोवून जमिनीचा विद्युत रोध मोजतात तेव्हा ओला मांजऱ्या कमी रोध दाखवतो, आणि शिरोळकडची क्षारपड चिकणमातीही कमीच दाखवते. आकडा वाचणाऱ्याला खडक माहीत लागतो. त्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडं अर्ज करता येतो. त्याआधी मे महिन्यात आजूबाजूच्या पाच-सहा विहिरींत दोर सोडून पाणी किती फुटावर आहे ते वहीत लिहा आणि विहिरींच्या भिंती बघा.

आम्ही ते उशिरा केलं. ओढ्याकडच्या जुन्या विहिरीत मी पायऱ्यांवरून उतरलो तेव्हा ३२ फुटांवर मांजऱ्या आणि काळ्या पाषाणाच्या सांध्यात बोटभर ओलीची रेघ होती. हात लावला तर गार लागला, आणि खालच्या बाजूला शेवाळ धरलेलं होतं. विहिरीच्या भिंतीत आडवी बोअर तिथंच मारायचं ठरलंय. माळावरच्या ४८० फुटांच्या बोअरचं तोंड अण्णांनी लोखंडी पत्रा वेल्डिंग करून बंद केलंय, कारण तिथनं शाळेची पोरं जातात.