‘असल्या गाण्यांचा कसला अभ्यास?’ विचारणाऱ्या मजकुराला उत्तर

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एकच मजकूर तीन वेगवेगळ्या जणांनी टाकला. पाठोपाठ तो माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आला आणि मग स्टाफरूमच्या ग्रुपवरही. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हल्ली गाणी, सिनेमे, रील असल्या विषयांवर पीएच.डी. होतात. हे परदेशातून आलेलं खूळ आहे. यूट्यूबवरच्या अहिराणी गाण्यांत अभ्यास करण्यासारखं काही नाही, उलट त्यांनी बोली बिघडवली. लोकांना काय आवडतं ते व्ह्यूजच्या आकड्यावरून कळतंच, मग संशोधनावर पैशाची उधळपट्टी कशाला? ज्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे त्याच्या परिसरात असले विषय शोभत नाहीत. आणि पन्नास वर्षांनी ही गाणी कुणाला आठवणारही नाहीत.

मी खान्देशातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते आणि काही वर्षांपासून याच गाण्यांवर काम करते आहे. मजकूर पाठवणाऱ्यांत माझा सख्खा मामाही आहे. त्याचा हेतू वाईट नाही, त्याला खरंच काळजी वाटते. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देते.

‘अभ्यास करण्यासारखं काही नाही’ या वाक्यात एक गैरसमज दडलाय. एखाद्या गोष्टीचा अभ्यास करायचा म्हणजे तिची तारीफ करायची, असं लिहिणाऱ्यानं धरलंय. रावेर-यावलकडे केळीवर सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग आला की कृषी शास्त्रज्ञ तो विषाणू तपासतात. तेव्हा ‘त्या रोगाला कशाला एवढा मान’ असं कुणी शेतकरी म्हणत नाही. व्हिडिओ गाण्यांत बाईला कसं दाखवतात, कॅमेरा कुठं थांबतो, पोरगी नुसती मिरवण्यापुरती असते की तिच्या तोंडी एखादं कडवं असतं, हे मी लिहून काढते. त्यातलं बरंच मलाही खटकतं. पण ‘थिल्लर आहे’ एवढं म्हणून पुढं गेलं, तर नेमकं काय थिल्लर आणि ते कुणाला विकलं जातंय, हे कधी कळायचंच नाही.

परदेशी खुळाचं म्हणाल तर विषयाला ‘कल्चरल स्टडीज’ म्हणजे सांस्कृतिक अभ्यास हे नाव तिकडं मिळालं, हे खरं आहे. रिचर्ड हॉगार्ट यांनी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात १९६४ साली त्यासाठी केंद्र काढलं. पण ते होते कोण? हॉगार्ट लीड्सच्या कामगार वस्तीत वाढले. त्यांच्याच पिढीतले रेमंड विल्यम्स वेल्समधल्या रेल्वे सिग्नलमनचे चिरंजीव. दोघांनीही आधी प्रौढांच्या वर्गांना वर्षानुवर्षं शिकवलं, आणि आपल्या माणसांचं वाचणं, गाणं, करमणूक विद्यापीठात कुठंच नाही हे त्यांना बोचलं. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या कुणालाही हे बोचणं समजेल.

आणि इकडे काय होतं? इतिहास संशोधक वि. का. राजवाडे घरोघरच्या माळ्यांवर पडलेली दप्तरं, हिशेबाचे कागद, पत्रं गोळा करत गावोगाव फिरले. ज्यांच्या घरी ती होती त्यांतल्या कितीतरी जणांच्या लेखी ती रद्दी होती. राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात आजही उभं आहे. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. त्यांनी बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवून छापल्या. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, तेही गुरुजींनीच लिहून घेतलं, म्हणून आज ‘गीता प्रवचने’ आपल्या हातात आहेत. कुणीतरी बोलतंय, गातंय आणि दुसरं कुणीतरी मन लावून लिहून घेतंय, हे आमच्या मातीत बर्मिंगहॅमच्या आधीपासून आहे.

बोली बिघडवल्याच्या आरोपावर मी जरा जास्त बोलणार आहे.

जनगणनेत अहिराणी ‘खानदेशी’ या नावाखाली मोजतात. २००१ साली ही भाषा सांगणारे सुमारे २० लाख ७५ हजार होते, २०११ साली १८ लाख ६० हजार उरले. म्हणजे लोकसंख्या वाढली आणि बोली सांगणारे दोन लाखांहून जास्त कमी झाले. तेव्हा आमच्या गावांत स्मार्टफोन नव्हते आणि यूट्यूबवरच्या गाण्यांची लाटही आली नव्हती. मग ही घट कुणी केली? मी शाळेत असताना वर्गात ‘मना’ म्हटलं की बाई ‘माझा म्हण’ म्हणून सगळ्यांसमोर उभं करायच्या. ज्या घरात आईबाप आपसांत अहिराणी बोलतात आणि लेकरांशी ठरवून ‘शुद्ध’ बोलतात, अशी घरं मजकूर पाठवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहेत. मामाचं घरही त्यातलंच.

उलट गाण्यांखालच्या प्रतिक्रिया एकदा नीट वाचा. ‘एक नंबर गानं शे भाऊ’, ‘मना गावनं नाव काढं’. ‘आहे’ या अर्थी कुणी ‘शे’ लिहितं, कुणी ‘से’. कुणी ‘मना’, कुणी ‘मन्हा’. अहिराणी कशी लिहायची याचा नियम आम्हाला कुठल्याच शाळेनं शिकवला नाही, म्हणून प्रत्येक जण कानाला जसं ऐकू येतं तसं लिहितो. साक्रीकडचा वेगळं लिहितो, चाळीसगावकडचा वेगळं, सटाण्याचा आणखी वेगळं. हा ‘शे’ आणि ही ‘ना-नी-नं’ची षष्ठी गुजरातीला जवळची. भाषातज्ज्ञ जॉर्ज ग्रियर्सननं १९०७ साली आपल्या भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात खानदेशी भिल्ली बोलींच्या शेजारी ठेवली, तेव्हा असल्याच खुणा त्याच्यासमोर होत्या. त्याला नमुने सरकारी यंत्रणेकडून मागवावे लागले. आज बोलणारा माणूस स्वतःच्या हातानं, स्वतःहून, रोज लिहितोय. ट्रॅक्टरवर बसलेला पोरगा जेवणाच्या सुट्टीत आपल्या बोलीत चार ओळी लिहितो, हे माझ्या आज्याच्या काळात घडणं शक्य नव्हतं. भाषेच्या अभ्यासकाला यापेक्षा मोठा खजिना कुठला हवा?

या गाण्यांत हिंदी घुसते, हेही खरंच. अनेक गाण्यांचं धृपद अस्सल अहिराणी असतं आणि कडव्यात शिरलं की यमकासाठी हिंदी-मराठी शब्द येतात. पण ‘बिघडली’ म्हणण्यापूर्वी कुठं, किती आणि का, हे मोजायला तर हवं. तेच तर मी करतेय.

व्ह्यूजच्या मुद्द्याचं उत्तर मला पुस्तकापेक्षा लग्नात मिळालं. चुलतभावाची हळद होती, शिंदखेडा तालुक्यात. मांडवाबाहेर डीजे लागला होता आणि एक गाजलेलं अहिराणी गाणं सारखं फिरून फिरून वाजत होतं. त्यात पोरगा पोरीच्या दागिन्यांचं, चालीचं वर्णन करतो, नेहमीचंच. रात्री दहा वाजले, पोलीस पाटलांनी येऊन डीजे बंद करायला लावला. पोरं हिरमुसून पांगली. तेवढ्यात माझी फुई, म्हणजे आत्या, ओट्यावर सरसावून बसली, पितळी ताट मांडीवर घेतलं आणि म्हणाली, ‘आते आपला नंबर शे.’ आधी तिनं हळदीची जुनी गाणी घेतली, मग याहिनीला, म्हणजे विहिणीला, चिडवायची. तिचा आवाज बसायला लागला तशा करवल्या पुढं झाल्या, आणि त्यांनी कुठलं गाणं धरलं? डीजेवर वाजलेलं तेच. चाल तीच, शब्द मात्र बदललेले. पोरीच्या झुमक्यांच्या जागी नवरदेवाचे रंगवलेले केस आले, तिच्या चालीच्या जागी त्याचं बुटात अडखळणं. व्हिडिओत पोरगा पोरीला न्याहाळत होता, इथं दहाबारा पोरी मिळून पोराला न्याहाळत होत्या. फुई ताटावर ठेका देत होती आणि भाऊ खाली मान घालून हळद लावून घेत होता.

त्या गाण्याला यूट्यूबवर लाखो व्ह्यूज आहेत. त्या आकड्यात ओट्यावरचा हा प्रकार कुठंच दिसत नाही. स्टुअर्ट हॉल पुढं त्याच बर्मिंगहॅमच्या केंद्राचे प्रमुख होते. त्यांनी १९७३ साली हेच मांडलं होतं: कार्यक्रम करणारा त्यात एक अर्थ भरतो, पण बघणारा तो जसाच्या तसा घेतो असं नाही. कुणी मान्य करतो, कुणी थोडा वाकवतो, कुणी उलटाच लावतो. हॉल टीव्हीबद्दल बोलत होते. मला ते आमच्या ओट्यावर दिसलं, आणि त्या रात्री मी फुईशेजारी बसून बदललेले शब्द वहीत उतरवले. आकडा बघून थांबले असते तर ते सकाळपर्यंत कुणाच्याच लक्षात राहिले नसते.

पैशाची उधळपट्टी म्हणतात त्याबद्दल एवढंच, की माझ्या संशोधनाचा खर्च म्हणजे एसटीचं तिकीट, मोबाइलचा डेटा आणि वह्या, आणि तोही मीच करते. पैशाचा खरा प्रश्न वेगळाच आहे. गाणं लिहिणाऱ्या पोराला त्यातून काय मिळतं? माझ्या ओळखीच्या एकानं ठरावीक रकमेवर एका कंपनीला सगळे हक्क लिहून दिले. कागद इंग्रजीत होता, त्यानं वाचला नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा गीतकाराला आणि संगीतकाराला रॉयल्टीत समान वाटा देतो, आणि तो वाटा कंपनीच्या नावे सोडून देता येत नाही. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. माध्यमांचा अभ्यास म्हणजे हेही असतं.

आपण नोंद घेतली नाही म्हणून कुणीच घेणार नाही, असंही होत नाही. मालेगाव हे जिल्ह्यानं नाशिकचं, पण बाजार आणि बोलीनं आमच्या शेजारचं. तिथं नासिर शेख यांनी २००० साली गावातलीच माणसं घेऊन ‘मालेगाव के शोले’ हा सिनेमा केला. पुढं फैझा अहमद खान यांनी या मंडळींवर माहितीपट केला, तो २०१२ साली चित्रपटगृहात लागला. २०२४ साली रीमा कागती यांचा त्यांच्यावरचा हिंदी सिनेमा टोरंटोच्या महोत्सवात गेला. पण शुक्रवारी यंत्रमाग बंद ठेवून सिनेमाला जाणाऱ्या कामगारांना त्या चित्रपटांतून काय मिळत होतं, हे त्यांच्याच भाषेत, वेळेवर, शेजारच्या माणसानं विचारायला हवं होतं. मला याची चुटपुट लागून राहिली आहे.

आता बहिणाबाई. त्यांचं नाव पुढं करून हा विषय बंद करता येईल असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्यांच्या गाण्यांचा प्रवास आठवावा. आसोद्याची ही लेक लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती. जात्यावर, शेतात गात होती, घरातल्या बोलीत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी ती गाणी उतरवून ठेवली. १९५१ साली त्या गेल्या, मग वही आचार्य अत्र्यांपुढं आली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. त्या घरात लिहून घेणारं कुणी नसतं, तर आज विद्यापीठाला द्यायला ते नावच नसतं. आजचं प्रत्येक व्हिडिओ गाणं बहिणाबाईंच्या तोडीचं आहे असं मी म्हणत नाही, बहुतेक त्याच्या जवळपासही नाहीत. पण कुठलं टिकाऊ आणि कुठलं टाकाऊ हे ठरवायला आधी ते जपलेलं तर असावं लागतं.

राहिलं ‘पन्नास वर्षांनी कुणाला आठवणार’ हे. इथं मजकूर बरोबर आहे. आठवणार नाहीत, कारण ती आत्ताच हरवत चालली आहेत. चॅनल बंद पडलं की गाणी गेली. त्याआधीच्या सीडी आता चालत नाहीत, आणि त्याच्याही आधीच्या कॅसेट लोकांनी भंगारात घातल्या. आईच्या ट्रंकेत कानबाईच्या, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या, गाण्यांची एक कॅसेट निघाली. फितीला बुरशी आलेली, एक बाजू अजून कशीबशी वाजते. वेष्टनावर मुख्य गायकाचं नाव आहे आणि खाली नुसतं ‘आणि पार्टी’. मागं गाणाऱ्या बायकांची नावं कुठंच नाहीत. आईला त्यातल्या दोघी आवाजावरून ओळखू येतात: एक तिच्या माहेरच्या गल्लीतली, दुसरी बाजूच्या खेड्यात दिलेली. रविवारी दुपारी आम्ही ती वाजवत बसतो, आई मध्येच ‘थांब, मागं घे’ म्हणते, आणि ती सांगते ते मी लिहून घेते.